वरच्या खाचरात चढलेली गाडी

पुण्याजवळच्या सूस गावची जमीन विकून काकांनी रेसच्या गाड्या बनवणाऱ्या कंपनीची आलिशान जीप घेतली. मी नुकताच आयटीत लागलो होतो. म्हणालो, "काका, नुसत्या नावाचे पैसे मोजलेत."

लावणीच्या दिवशी मुळशीच्या शेतावर ट्रॅक्टर बंद पडला. भाताची रोपं खाली आणि बायका वरच्या खाचरात खोळंबलेल्या. काकांनी मागची सीट पाडली, गोणपाट अंथरलं, रोपांच्या जुड्या भरल्या आणि मला शेजारी बसवलं. चिखलाची उभी चढण गाडी एका दमात चढली. बायकांनी टाळ्या वाजवल्या.

"चुकलो, काका," मी म्हणालो.

"उतरव लवकर," ते हसले, "आनखी लई खेपा हायेत."

अंधार पडायच्या आत सगळी लावणी उरकली.