बुडबुड्याची पाटी

बिबवेवाडीच्या काचवाल्या काकांना आपण विकतो त्या वस्तूचाच मनापासून राग होता. गाडीच्या पुढच्या काचेला पाऊस आणि उजेड ओळखणारा सेन्सर बसवून द्या म्हटलं, की ते आधी गिऱ्हाइकाकडे नीट बघत. "पाऊस पडतोय हे तुम्हाला दिसत नाही? मग गाडी कशाला चालवता, रिक्षानं जा." मीही हे ऐकलं. रोज हिंजवडीला जाण्यायेण्यात तीन-साडेतीन तास गेल्यावर वायपरचं बटण दाबायचंही जिवावर येतं, असं मी त्यांना सांगितलं. "मग नोकरी बदला," म्हणाले, आणि कामाला लागले.

काम मात्र बघत राहावं असं. सेन्सर आरशामागे, काचेला आतून चिकटवायचा. मध्ये पारदर्शक जेलची चकती. त्या चकतीत हवेचा बुडबुडा राहिला, की सेन्सर फसतो आणि रखरखीत उन्हात वायपर फिरायला लागतात. काका काच तीनदा पुसत, चकती अंगठ्यानं मधून कडेकडे दाबत नेत आणि मग बाहेर येऊन काचेला नाक लावून बघत. त्या वेळी कुणी बोललेलं त्यांना चालायचं नाही. दुकानावर पाटी होती: 'बुडबुडा दाखवा, नवी काच घेऊन जा. उगाच वाद घालू नये.' आजवर एकानंही काच नेलेली नाही, हे ते चहा पिताना न विचारता सांगत.

गेल्या उन्हाळ्यात माझी काच तडकली, म्हणून काच आणि चकती दोन्ही त्यांच्याकडून बदलून घेतली. आठवड्याभरात, भर दुपारी, हिंजवडीच्या गर्दीत वायपर सुरू झाले. कोरड्या काचेवर नुसती करकर. शेजारचा दुचाकीवाला आभाळाकडे बघून हसला. मी आधीच दमलेलो, त्यात डोकं फिरलं. शनिवारी थेट दुकानात गेलो आणि चार गिऱ्हाइकांसमोर म्हटलं, "काका, या. बुडबुडा दाखवतो."

ते आले. काचेला नाक लावलं. बराच वेळ लावलं. "कुठाय? बोट ठेवा."

मी बोट ठेवलं. चांगला तुरीच्या डाळीएवढा होता. बोटाशेजारी डोळा आणून ते थांबले. मग हळूच म्हणाले, "तुम्ही म्हणताय म्हणजे असेल."

आयुष्यात कुणाचं ऐकून न घेतलेला माणूस असं म्हणाला, तेव्हा मला माझीच लाज वाटली. त्यांना तो दिसतच नव्हता, आणि मी ते चारचौघांत उघडं पाडलं होतं.

नवी काच नको म्हणालो. त्यांनी ऐकलं नाही. पाटी म्हणजे पाटी. सबंध दुपार खपून त्यांनी काच बसवली, चकती दाबली, आणि पहिल्यांदाच गिऱ्हाइकाला म्हणाले, "आता तुम्ही बघा. आहे का?"

होता. अगदी कडेला, मोहरीएवढा.

"एकही नाही," काच दोनदा न्याहाळून मग मी म्हणालो.

काका फडक्याला हात पुसत राहिले. "नसता तर लगेच बोलला असतात," म्हणाले, आणि आतून स्टूल आणून पाटीचे स्क्रू काढायला लागले. "अहो काका, राहू द्या," मी दोनदा म्हणालो. मग स्टूल डगमगायला लागलं, तेव्हा ते धरून उभा राहिलो.

दिवाळीनंतर दुकान बंद झालं. वायपर अजूनही मधूनच उन्हात फिरतात. चकती दुसऱ्या कुणाकडून बदलून घ्यायला अर्धा तास लागेल. तेवढा वेळ मिळत नाही, असं मी घरी सांगतो.