आधी नाव, मग नाच

"हू मेड इट?"

नवा नाच शिकवायच्या आधी बाई मुलींच्या रांगेसमोर उभ्या राहून हे विचारायच्या. ज्यानं नाच बसवला त्याचं नाव घेतल्याशिवाय पाऊल उचलायचं नाही, असा त्यांचा नियम. इथं आखातात, करामातल्या ज्या डान्स इन्स्टिट्यूटमध्ये मी रिसेप्शनला बसते, तिथं त्या बॅले शिकवायच्या. होत्या स्वीडनच्या, पण शिकवणारी ती बाईच, म्हणून मी त्यांना बाई म्हणायला लागले. त्यांनाही तो शब्द आवडला.

वर्गाच्या भिंतीवर त्यांनी आपल्या देशातल्या नामवंत नर्तकांचे आणि नाच बसवणाऱ्यांचे फोटो लावले होते. कुणी राजाच्या नाट्यगृहात नाचलेलं, कुणी बॅलेचे बूट काढायला लावून नर्तकांना अनवाणी नाचवलेलं, एक बाई तर उतारवयात स्वतःची मंडळी घेऊन गावोगाव हिंडलेली. ती नावं माझ्या जिभेला कधी वळली नाहीत. केरळच्या, पंजाबच्या, आमच्या रत्नागिरीकडच्या मुली मात्र पाढे म्हणावेत तशी घडाघडा म्हणायच्या. आमच्या सरांना, म्हणजे इन्स्टिट्यूटच्या मालकांना, ती भिंत खुपायची. इतने बुढ्ढे लोग क्यूं टांगे हैं, असं ते मला विचारायचे. बाईंना विचारायची छाती नव्हती.

एकदा मी डब्यातलं थालीपीठ बाईंपुढे केलं. घास घ्यायच्या आधी त्यांचा प्रश्न आलाच. मी म्हटलं, केलं मी, पण शिकवलं सासूबाईंनी. बाईंचा हात थांबला. सासूबाईंचं नाव काय, असं त्यांनी विचारलं. तेव्हापासून दर वेळी त्या "इंदुमटी" म्हणायच्या आणि मगच तुकडा मोडायच्या. सासूबाईंनी जन्मभर आम्हाला रांधून वाढलं, पण जेवायला बसताना त्यांचं नाव कुणी घेतल्याचं मला आठवत नाही.

बाई स्वतः तरुणपणी मागच्या रांगेत नाचलेल्या. पुढे आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांचे नाच शिकवले, दुसऱ्यांची नावं घेतली. साठी उलटल्यावर पहिल्यांदा त्यांनी स्वतःचा नाच बसवला, आमच्या वार्षिक कार्यक्रमासाठी. संध्याकाळी मुहैस्नाहच्या लेबर कॅम्पकडे जाणाऱ्या बसगाड्या तुम्हीही पाहिल्या असतील. माणसं बसल्या जागी झोपलेली असतात. सिग्नलला बस थांबली की एकाचं डोकं शेजारच्याच्या खांद्यावर पडतं, आणि शेजारचा खांदा हलवत नाही. बाईंनी तेवढंच घेतलं. खुर्च्यांच्या रांगा, मुली आणि तो न हलणारा खांदा. माझी मुलगीही त्यात होती. तालीम बघून मी गमतीनं विचारलं, "हू मेड इट?"

बाई कानापर्यंत लाल झाल्या. "मी," म्हणाल्या, तेही इतकं हळू, की जणू चोरी पकडली गेली होती.

त्यांचं मागणं एकच होतं. नाच सुरू व्हायच्या आधी स्टेजवरून त्यांचं नाव घेतलं जावं. सर म्हणाले, ऑफ कोर्स मॅडम, इन्शाल्ला. इथं राहिलेल्यांना ठाऊक आहे, या शब्दात होकारही मावतो आणि नकारही.

कार्यक्रमाच्या दिवशी निवेदकानं जाहीर केलं, संकल्पना आणि नृत्यदिग्दर्शन आपल्या सरांचं. टाळ्या पडल्या. मुली विंगेतून हलेनात, सगळ्या बाईंकडे बघत राहिल्या. शेवटी बाईंनीच हातानं खूण करून त्यांना पुढे पाठवलं. नाच उत्तम झाला, पुढच्या रांगेतल्या बायका डोळे पुसत होत्या. माझं डोकं मात्र भडकलं होतं, आणि ते अजून शांत झालेलं नाही.

दुसऱ्या दिवशी बाई सरांच्या केबिनमध्ये गेल्या. दार उघडंच होतं.

"माय व्हिसा, माय हॉल, माय टाइम," सर म्हणाले. "सो हूज डान्स? खलास, मॅडम."

"बट आय मेड इट," बाई म्हणाल्या.

त्या उन्हाळ्यात सरांनी बाईंचा व्हिसा रिन्यू केला नाही. मॅडम आमचे डान्स बाहेर नेऊन शिकवणार होत्या, असं सर पालकांना सांगत सुटले. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच. भिंतीवरचे फोटो बाईंनी स्वतः उतरवले, एकेक पुसून कापडात गुंडाळले. मी वाटेसाठी थालीपीठ बांधून दिलं. त्यांनी पुडी हातात घेऊन "इंदुमटी" म्हटलं आणि माझ्या गालावरून हात फिरवला.

आता तो नाच मॉलमध्ये, शाळांमध्ये, जिथं बोलावतील तिथं होतो. मुलींची डोकी आता पडत नाहीत, छानपैकी वाकतात. वर्गातल्या त्या भिंतीवर सरांचा मोठा फोटो आहे आणि त्याखाली नाचाचं नाव.

गेल्या आठवड्यात छोट्या मुलींची नवी बॅच तो नाच शिकायला आली. त्यांना मदत करायला माझ्या मुलीला उभं केलं होतं. रांग लागली तशी ती सवयीनं, अगदी बाईंच्याच सुरात विचारून बसली, "हू मेड इट?"

छोट्यांनी भिंतीकडे पाहिलं आणि सगळ्या एका सुरात म्हणाल्या, "सर."