ज्वारी वॉरंटीत येत नाही

सुरतेतली महागाई मी मोजतो. (एकटा नाही; पण घरी मी तसंच सांगतो.)

दर महिन्याला ठरलेल्या दुकानांत जायचं आणि ठरलेल्या वस्तूंचे भाव लिहून आणायचे, ही माझी नोकरी. पीठ-मिठाचं सोपं असतं. भानगड होते ती मिक्सर, फ्रिज आणि वॉशिंग मशीनची! जुनं मॉडेल बंद होतं, नवं येतं, आणि ते महाग असतं. मग ही सगळी वाढ महागाई म्हणायची का? छे! नव्यात चार सोयी जास्त असतील तर त्या सोयींचे पैसे बाजूला काढायचे. उरेल ती खरी महागाई. हे साहेबांनी मला दोन दिवस समजावलं. मी ते घरी दोन वर्षं समजावतोय.

गोडादऱ्यातल्या आमच्या घरात बारा वर्षांचं सेमी-ऑटोमॅटिक मशीन होतं. एका बाजूला कपडे धुवायचे, दुसऱ्या बाजूला ड्रायर. त्या ड्रायरचा आईने लावलेला शोध मशीन बनवणाऱ्यांना अजून ठाऊक नाही! उन्हाळ्यात आम्हा खानदेशी लोकांच्या घरी बिबड्या होतात, म्हणजे ज्वारीचे पापड. त्यासाठी ज्वारी धुऊन, निथळून भरडावी लागते. आई ती स्वच्छ धोतराच्या पोटलीत बांधायची आणि ड्रायरमध्ये मिनिटभर फिरवायची. मशीन नाचायला लागलं की त्याच्यावर हात ठेवून म्हणायची, "बस माय बस, व्हयनं आते." (म्हणजे, झालं आता.)

गल्लीतल्या बायका आपापल्या पोटल्या घेऊन आमच्या ओट्यावर रांगेने बसायच्या. बाबा गेल्यावर आई वर्षभर कुणाशी धड बोलली नव्हती. ती पुन्हा हसली ती या ओट्यावर, या पोटल्यांच्या घोळक्यात. हे मला माहीत होतं. तरी मी शहाणपणा केलाच!

ऐन चैत्रात मी फुल्ली ऑटोमॅटिक मशीन आणलं आणि जुनं नऊशे रुपयांत भंगारवाल्याला देऊन टाकलं.

"कितलाले पडनी?" आईने विचारलं.

"बावीस हजार. पण आई, जुन्यासारखं घेतलं असतं तरी चौदा लागलेच असते. वरचे आठ हजार ही महागाई नाही, तो दर्जा आहे!"

"मंग आठ हजार तू दिधात नहीत का?"

"दिले."

"मंग?"

(या 'मंग'ला आमच्या खात्याकडे उत्तर नाही.)

"अगं, हे स्वतः पाणी घेतं, स्वतः पिळतं, स्वतः दार लावतं!"

"कपडा तर तितलाच शेतस ना रे भाऊ," आई म्हणाली आणि ओट्यावर जाऊन बसली. (कपडे तेवढेच आहेत, हे खरंच.) तिथे शेजारच्या शोभाताई पोटली घेऊन हजर होत्या. त्या मूळच्या परभणीच्या. बिबड्या आईकडूनच शिकल्या होत्या.

"भाऊजी, एवढी पाच किलो फिरवून द्या की!"

"आत्ता देतो!" मी म्हणालो. माझी बायको मनीषा म्हणाली, "अहो, आधी पुस्तिका तरी वाचा." मी म्हणालो, "मशीनच्या दर्जाबद्दल तू मला सांगणार?"

पोटली आत टाकली, पिळायचं म्हणून एक बटण दाबलं, दार लागलं. मग पाण्याचा आवाज आला.

"पाणी कशाला घेतंय हो?" शोभाताई म्हणाल्या.

"घेईल आणि सोडेल. हुशार आहे ते."

ते खरंच हुशार होतं! त्याने वजन ओळखलं, पाच किलोचं भरपूर पाणी घेतलं आणि सकाळी मशीन बसवणाऱ्याने चाचणीला टाकलेली, उरलेली साबणाची पावडरही आठवणीने ओढून घेतली. काचेच्या दारामागे पोटलीची गाठ सुटली. ज्वारी फेसात गरगर फिरू लागली. मी बंदचं बटण दाबलं; दार उघडेना. मी दार ओढलं. मशीन गाणं वाजवू लागलं! शोभाताई काचेला नाक लावून बघत होत्या. "माझी ज्वारी... अगं बाई, किती पांढरी झाली!"

मग पाणी सोडायची नळी ज्वारीने तुंबली आणि फेस खालून बाहेर आला. ओट्यावरच्या पाच-सहा बायकांनी आपापल्या पोटल्या छातीशी धरल्या आणि एकेक करून काढता पाय घेतला. दुसऱ्या दिवशी मेकॅनिकने वाटीभर ज्वारी काढून माझ्या हातात दिली. "साहेब, ज्वारी वॉरंटीत येत नाही."

शोभाताईंना मी नवी ज्वारी आणून दिली. पण ओटा रिकामाच राहिला. आई आत पलंगावर बसून होती. "आते कोन येवाव?" एवढंच म्हणाली. ती रागावली असती तर बरं वाटलं असतं.

मनीषा म्हणाली, "दर्जा वाढला म्हणालात ना? आईंच्या लेखी तो घसरलाय. हे तुमच्या फॉर्मात लिहायला जागा आहे का?"

नव्हती. मी तडक भंगारवाल्याकडे गेलो. मशीन तिथेच होतं, तुटक्या कुलरशेजारी.

"पच्चीससो," तो म्हणाला.

"अरे, चार दिवसांपूर्वीच नऊशेला तुला दिलं! एक स्क्रूसुद्धा बदललेला नाही!"

"त्यारे भंगार हतुं, साहेब," तो शांतपणे म्हणाला. "हवे घराक ऊभो छे." (तेव्हा भंगार होतं; आता गिऱ्हाईक उभं आहे.)

त्याच वस्तूला, दर्जात काडीचाही बदल नसताना, चार दिवसांत जवळजवळ तिप्पट भाव! इतकी शुद्ध महागाई मी नोकरीत कधी पाहिली नव्हती. आणि ती केली कुणी? मी!

टेम्पोतून मशीन उतरताना गल्लीने पाहिलं. तासाभरात ओट्यावर चार पोटल्या आल्या. ड्रायर थरथरला, आईने त्यावर हात ठेवला आणि शोभाताई काहीतरी बोलल्या तशी ती इतकी हसली, की मी उगाचच आत जाऊन चष्मा पुसला.

बाहेर आलो तर तिने विचारलं, "कितलाले दिधी त्यानी?"

"नऊशेला दिलं, नऊशेलाच परत घेतलं," मी छाती काढून सांगितलं.

आई पोटलीची गाठ सोडत म्हणाली, "रोज भाव लिखस ना तू? मंग खोटा भाव सांगाले बी शिकी ले!"

माझे आकडे सरकार डोळे मिटून घेतं. आईने पहिलाच परत पाठवला!