हूक पुढे आले त्याची गोष्ट

मी एका कॉलेजात फॅशनचा इतिहास शिकवते. त्या आठवड्यात अंतर्वस्त्रांच्या डिझायनरांवर तास होता, म्हणून स्वयंपाकघरात मोठ्याने तयारी चालली होती. सासूबाई गवार मोडत ऐकत होत्या.

"पॅरिसमधल्या एका बाईंनी कॉर्सेटचे दोन भाग केले. वरच्या भागातून पुढे ब्रा आली," मी म्हणाले.

"बरं केलं. पण हूक मागे कोणी नेले? त्या बाईचा खांदा कधी आखडला नव्हता वाटतं."

मी तयारी थांबवून त्यांना खोदून विचारलं. मग हळूहळू कळलं, की सहा महिने त्यांचा उजवा हात मागे जात नव्हता. हूक पोटावर लावायचे आणि मग सगळं गोल फिरवायचं, अशी रोज सकाळी कसरत चालायची. मला मात्र पत्ता नव्हता. इतिहास शिकवत होते ना मी!

दुसऱ्या दिवशी आम्ही लक्ष्मी रोडवर गेलो. दुकानातल्या मुलीने माझ्याकडे बघून साइझ विचारला.

"मला हवीय," सासूबाई म्हणाल्या. "पुढे हूक असलेली."

मुलीने लाल लेसची एक काढली. सासूबाईंनी ती दोन बोटांत धरली. "छान आहे. दिवाळीत दाराला लावू."

घरी येऊन त्यांनी स्वतःची जुनी ब्रा नमुन्यासाठी उसवली आणि मशीनवर बसल्या. पहिली इतकी घट्ट झाली, की त्यांना धड बोलता येईना. घरात दहा मिनिटं शांतता होती. दुसरी सैल झाली. तिसरीला त्यांनी रुंद पट्टे लावले, मऊ सुती कापड घेतलं आणि मोठे हूक पुढे आणले. ती घालून त्या बाहेर आल्या, ब्लाउज नीट केला आणि माझ्यासमोर ताठ उभ्या राहिल्या. "बघ, एका मिनिटात. गोल फिरवायला लागलं नाही."

मी विचारलं, "आई, अशीच एक वर्गात दाखवायला शिवाल?"

"शिवते. नाव सांगायचं नाही पण."

वर्गात ती ब्रा बाकांवरून फिरली. आधी खुसखुस झाली, मग मुलं शिवण तपासायला लागली. तास संपल्यावर एक मुलगी मागे थांबली. तिच्या आईचाही खांदा आखडला होता; आईसाठी तिला अशीच एक शिवून हवी होती.

घरी निरोप सांगितला, तर सासूबाईंनी चष्म्यावरून पाहिलं.

"मापं घेऊन ये म्हणावं. अंदाजाने शिवायला मी काय पॅरिसची आहे?"