निवडुंगाला पाजलेलं पाणी

निवडुंग सहसा मरत नाही. वाळवंटात दोन-दोन वर्षं पाऊस पडला नाही तरी तो उभा असतो. आमच्या आचोळ्याच्या घरात मात्र तो पाच आठवड्यांत मरायला टेकला, आणि त्याला जबाबदार मी आहे. हे लिहून टाकलं की मनावरचं ओझं उतरेल, असं माझी बायको सुनंदा म्हणते. (तिचा स्वतःचा वाटा किती, ते पुढे येईलच!)

निवडुंग माझ्या सासऱ्यांचा, म्हणजे अप्पांचा. खरं तर सासूबाईंचा. माणिकपूरला बिऱ्हाड केलं तेव्हा त्यांनी तो लिंबाएवढा असताना आणला होता. सोळा वर्षांत चांगला भोपळ्याएवढा झाला. "या घरात हा एकटाच माझ्याकडे काही मागत नाही," असं त्या म्हणायच्या. त्या गेल्या आणि अप्पा रोज सकाळी चहाचा कप घेऊन त्याच्यापाशी बसू लागले. नुसते बसत नसत, त्याला पेपर वाचून दाखवत!

नव्वदच्या दशकातला उन्हाळा. अप्पा दोन महिने धाकट्या मुलीकडे नागपूरला निघाले आणि निवडुंग कुंडीसकट आमच्या गॅलरीत आला.

"जावईबापू, एकच सांगतो," अप्पा म्हणाले. "पाणी द्यायचं नाही. महिन्यातून एकदा, दोन चमचे. बस!"

"दोन चमचे? या उन्हात?"

"अहो, त्याच्या पोटातच टाकी आहे. पानं ठेवली तर पाणी उडून जाईल, म्हणून त्याने पानांचे काटे करून टाकले. अंगावर या घड्या आहेत ना, पाणी मिळालं की उलगडतात, संपलं की मिटतात. तुमच्या-माझ्यापेक्षा शहाणा आहे तो."

मी मान डोलावली. पण आमच्याकडे नळाला एक दिवसाआड पाऊण तास पाणी यायचं, आणि टँकर आला की मी टॉवेलवरच बादली घेऊन जिना उतरायचो. तहान म्हणजे काय, हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती! बाहेर हा पाहुणा उन्हात बसलेला, आणि आत मी माठातलं गार पाणी पितोय. घशाखाली उतरेना. आमच्या घरची रीत अशी की दारात कुणीही येवो, आधी पाण्याचा तांब्या पुढे करायचा. तिसऱ्या दिवशी कुणी बघत नाही असं पाहून मी त्याच्या मुळाशी एक तांब्या ओतला. मातीने तो असा गटागटा प्यायला की माझे डोळे भरून आले. मग ते रोजचंच झालं.

दहा दिवसांत निवडुंग फुगला. सगळ्या घड्या उलगडल्या, अंगावर तुकतुकी आली.

"काय बाळसं धरलंय बघ!" माझी आई म्हणाली.

"हवा मानवली त्याला आपल्याकडची," सुनंदा म्हणाली.

मी मनातून असा हरखलो होतो, की सासूबाईंना सोळा वर्षांत जमलं नाही ते मी दहा दिवसांत करून दाखवलं!

पाचव्या आठवड्यात तो बुडाशी पिवळा पडला. मग मऊ. मग एका सकाळी, दारू प्यायलेला माणूस भिंतीला टेकतो तसा, गॅलरीच्या ग्रिलला टेकून उभा होता.

"अहो, हा कलला!" सुनंदा किंचाळली. "अप्पांना काय सांगायचं? आईची एवढी एकच वस्तू जपून ठेवली होती हो त्यांनी!"

होळी नावाच्या गावात आमच्या ओळखीचा पास्कूमामा होता. वांगी, मिरची, केळी, जे लावील ते फळायचं. त्याच्याकडे जायचं ठरलं. निवडुंग गोधडीत गुंडाळला आणि स्कूटरवर पुढे मी, मधे तो, मागे सुनंदा, असा आमचा संसार निघाला. माणिकपुरात अप्पांच्या शेजाऱ्यांनी पाहिलं तर पंचाईत, म्हणून मुद्दाम आडवाटेने. त्या वाटेवर रस्ता कमी आणि खड्डे जास्त! एकेका खड्ड्याला गोधडी भेदून काटे माझ्या पाठीत.

"सावकाश चालवा ना!"

"मी कुठे चालवतोय? तो चालवतोय मला!"

पास्कूमामाने गोधडी सोडली, निवडुंगाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"पाणी किती घातलंस?"

"दोन चमचे," मी म्हणालो. (देवा, क्षमा कर!)

त्याने बुडाशी अंगठा दाबला. पचकन धार उडाली ती थेट माझ्या शर्टावर.

"हे दोन चमचे? माझ्या केळीला एवढं लागत नाही रे!"

मग त्याने कोयता घेतला आणि कुजलेलं बूड कापायला सुरुवात केली. एक चकती, दुसरी, तिसरी. सुनंदा पाठ फिरवून उभी राहिली. स्वच्छ हिरवा गर लागला तेव्हा भोपळ्याचा पेरू झाला होता.

"आता याला माती नाही, पाणी नाही. सावलीत उघडा ठेव, जखम सुकू दे. मग कोरड्या रेतीवर बसव. पोटातल्या पाण्यावर मुळं काढील तो."

"वरून थोडंसं पाणी शिंपडलं तर..."

यावर पास्कूमामा त्याच्या घरच्या बोलीत जे बोलला ते मला कळलं नाही. बरंच झालं!

निवडुंग कपाटावर वर्तमानपत्र अंथरून ठेवला. आणि आठव्याच दिवशी भर दुपारी बेल वाजली. दारात अप्पा!

"करमेना म्हणून लवकर आलो. कुठंय आमचा गडी?"

"आधी पाणी घ्या," आई म्हणाली. अप्पांनी घेतलं. "अजून घ्या." तेही घेतलं. तिसरा ग्लास पुढे आला तसे अप्पा म्हणाले, "अहो विहीणबाई, पुरे की! निवडुंग कुठंय?"

मला राहवेना. मी कपाटावरून तो पेरू काढला, अप्पांच्या समोर ठेवला आणि हात जोडले.

"अप्पा, गुन्हेगार मी आहे. दुसऱ्या कुणाला बोलू नका. मी रोज चोरून पाणी घातलं. एक तांब्या."

"एकच?" आई पुटपुटली. "मी दोन घालत होते रे. पूजा झाल्यावर. तहानलेल्याला पाणी म्हणजे पुण्य."

"आजी, तू पण?" आमची आठ वर्षांची चिंगी म्हणाली. "मी शाळेतून आले की वॉटरबॅग ओतायचे!"

मी सुनंदाकडे पाहिलं. ती पदराशी चाळा करत होती. "तांदळाचं धुवण टाकायचं कुठे, म्हणून घालत होते. आणि डाळीचंही."

तेवढ्यात उघड्या दारातून शेजारच्या सावंतवहिनी म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही सगळे बाहेर गेलात की माझ्याच्याने बघवायचं नाही हो. ग्रिलमधून मगभर पाणी सोडायचे मी."

मग सुनंदाच्या डोक्यात हिशेब झाला.

"म्हणजे महिनाभर मी अर्ध्या बादलीत डोकं धुतलं," ती कडाडली, "आणि हा रोज बादलीभर पीत होता?"

अप्पांनी निवडुंग उचलला, कापलेली जागा बोटाने चाचपली. ती सुकून कडक झाली होती, आणि मधोमध पांढरं, सुईच्या टोकाएवढं मूळ डोकावत होतं! कुणी एक थेंब दिला नव्हता तरी!

"विमल, बघतेस ना?" अप्पा त्या मुळाकडे बघून म्हणाले. विमल म्हणजे सासूबाई. "सगळं आचोळं मिळूनसुद्धा याला बुडवू शकलं नाही!" आणि ते असे हसत सुटले, की सासूबाई गेल्यापासून तसं हसताना मी त्यांना पाहिलं नव्हतं. हसता हसता त्यांनी डोळे पुसले, आणि मग आम्हीही.

दोन वर्षांत निवडुंगाच्या अंगाला भोवतीने पिल्लं फुटली. अप्पांनी ती वाटली. आईला एक, चिंगीला एक, सावंतवहिनींना एक, पास्कूमामाला दोन. मला त्यांनी बाटलीत लावलेला मनीप्लँट दिला.

"जावईबापू, हा पाण्यातच राहतो. याला हवं तेवढं पाणी द्या."

पण मी एव्हाना कानाला खडा लावला होता. मन अगदी घट्ट केलं आणि त्या बाटलीत एक थेंबही घातला नाही. महिन्याभरात मनीप्लँट वाळून काडी झाला!