पुढच्याला ओलांडायचं नाही

रेलीन पॅस्कोला मोटरसायकल कोणी शिकवली नाही. वॉलरू गावाच्या मागच्या खाऱ्या माळावर भावाची गाडी त्याच्या नकळत ढकलत न्यायची आणि पडत-झडत चालवायची, एवढंच तिचं शिक्षण. भावाने पुढे गाडी विकली आणि तो ट्रकवर गेला. हिचं वेड काही उतरलं नाही. बंदरावरच्या गव्हाच्या कोठारात वजनकाट्यावर नोकरी केली, दोन पोरं वाढवली, सासूचं आजारपण काढलं, पण शनिवार उजाडला की ही बाई कावासाकीवर. शेजारची ग्लेनिस एकदा म्हणाली, "या वयात शोभतं का गं?" तर ही म्हणाली, "तुझा नवरा माझ्याच वयाचा आहे आणि त्याला जिना चढवत नाही. त्याला शोभतं का?"

डेन्झिल भेटला तोही गाडीमुळेच. पोर्ट ब्रॉटनच्या रस्त्यावर चेन तुटून बसला होता. हिने जोडून दिली आणि पुढे जन्माची जोडली गेली. डेन चालवायला बेताचाच. सरळ रस्त्यावर राजा आणि वळण आलं की पाय ब्रेकवर. रेलीन वळणापलीकडे थांबायची आणि तो आला की म्हणायची, "मीही आत्ताच पोचले." नवऱ्याचा मान राखायचा म्हणजे बायका आणखी काय करतात!

डेन 'लूज स्पोक्स' या मोटरसायकल क्लबात होता. पेपरात फोटो येतात तसले गुंड नव्हेत हे. एक निवृत्त प्लंबर, एक खाटीक, बाकी सगळे शेतकरी. पण पाठीवर क्लबचा कापडी बिल्ला चढला की चालणं बदलायचं. क्लबात बायकांना प्रवेश नाही. बायकांनी नाताळात मांस-बटाटा भरलेल्या पास्ट्या भाजायच्या, कोणी पडला की इस्पितळात डबा न्यायचा, आणि फेरीच्या दिवशी मोटारीत सामान घालून मागून यायचं. रेलीनने हे सगळं केलं, वर प्रत्येक नव्या गड्याचा बिल्ला जॅकेटवर शिवूनही दिला, कारण चामड्यातून सुई काढताना त्या मर्दांची बोटं रक्तबंबाळ व्हायची.

चार वर्षांपूर्वी म्हातारा क्लेम, म्हणजे तो प्लंबर, बैठकीत उठून म्हणाला, "रेलीन आपल्यापैकी निम्म्यांपेक्षा बरी चालवते आणि सगळ्यांपेक्षा जास्त. तिला घ्या." नव्या माणसासाठी सगळ्यांचा होकार लागतो. एक जरी 'नाही' म्हणाला तरी दार बंद, आणि कोण म्हणाला ते क्लबच्या शेडबाहेर जात नाही. त्या संध्याकाळी रेलीन पोरीसारखी खिडकीशी उभी होती. डेन आला, हेल्मेट काढलं, मान हलवली. "मर्व आडवा आला," तो म्हणाला. "काय करणार? अध्यक्षच तो." मग त्याने स्वतः चहा केला, तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि मर्वला दोन शिव्याही घातल्या.

तेव्हापासून मर्व ट्रेनेरी हे नाव काढलं की रेलीनच्या तळपायाची आग मस्तकात जायची. तो दुकानात दिसला की ही मुद्दाम मोठ्याने म्हणायची, "आले, नाकाने कांदे सोलणारे आले!" नाताळच्या जेवणात त्याच्या ताटात सगळ्यात करपलेली पास्टी पडायची. तो मुकाट्याने खायचा. रेलीनला वाटायचं, मन खातंय त्याचं, खाऊ दे.

जानेवारीत, तिकडच्या ऐन उन्हाळ्यात, डेन गेला. गाडीवरून नव्हे, सोफ्यावर, क्रिकेट बघता बघता. बाद झाला खेळाडू आणि गेला हा. दोन दिवस रेलीनला रडूच येईना. तिसऱ्या दिवशी सकाळी मर्व आणि क्लेम आले, टोप्या हातात घेऊन स्वयंपाकघरात बसले. तिने चहा ठेवला. डेनच्या शेवटच्या फेरीची मांडणी ठरवायची होती. शववाहिकेमागे अध्यक्ष, मग बिल्लेवाले दोन-दोनच्या रांगेत, मग इतर मित्र, मग मोटारी.

"तू पोरांबरोबर मोटारीत बस," मर्व म्हणाला. "पहिली मोटार तुमची."

"मोटारीत?"

"रीत आहे, रेलीन."

कप तिने ओट्यावर असा आपटला की कान फुटला त्याचा. "मी मोटारीत बसू? त्या माणसाच्या बरोबरीने आख्खा जन्म गाडी मारली मी! आणि त्याला पोचवायला मागच्या सीटवर पर्स मांडीवर घेऊन बसू?"

"हे बघ, शांतपणे..."

"शांती गेली खड्ड्यात! तुझंच सगळं हे. तेव्हा आत येऊ दिलं नाहीस, आता त्याच्या मागे जाऊ देत नाहीस. तुझ्या घरचा रस्ता आहे का रे? मला अडवून मिळालं काय तुला? तो माणूस मरेपर्यंत हळहळला तुझ्या नावाने!"

मर्वचा चेहरा लाल झाला. क्लेमने टेबलाखालून त्याला पाय मारला, पण उशीर झाला होता. "बास!" मर्व उभाच राहिला. "चार वर्षं ऐकतोय मी. दुकानात ऐकतोय, रस्त्यात ऐकतोय, करपलेलं गिळतोय. मी हात वर केला होता, बाई! सगळ्यांनी केला होता. खाली होता तो एकच हात. तुझ्या डेनचा!"

स्वयंपाकघरात चहा उतू गेला. त्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं.

"खोटं," रेलीन म्हणाली.

"क्लेमला विचार."

क्लेम टोपी फिरवत होता. "आम्हाला शपथ घातली होती त्याने," तो पुटपुटला. "म्हणाला, हिला सांगाल तर मी क्लब सोडीन."

"का?"

क्लेमने मर्वकडे पाहिलं.

"का, ते विचारतेय मी!"

"म्हणाला..." क्लेमने घसा साफ केला. "म्हणाला, सगळीकडे ती वळणापलीकडे थांबलेली असते. इथे तरी नको."

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा. चार वर्षं सगळ्या गावात वैरी शोधला आणि तो शेजारच्या उशीवर घोरत होता. बरं, नाही म्हणाला ते म्हणाला. वरून चहा काय केला, पाठीवरून हात काय फिरवला, मर्वला शिव्या काय घातल्या! आणि हे सगळे? हिच्या हातचं खात होते, हिच्याकडून बिल्ले शिवून घेत होते, आणि हिने मर्वला टाकून बोललेलं कानाआड करत होते. एकालाही जीभ नव्हती. आपलेच दात आणि आपलेच ओठ, कोणाला चावणार? रेलीनला त्या क्षणी कोणीतरी समोर हवं होतं, आणि ज्याच्यावर ओरडायचं तो तर पेटीत होता.

मर्व ओशाळला. माणूस वाईट नव्हता, फक्त तोंडाचा फाटका. "चुकलं," तो म्हणाला. "आत्ता नको होतं बोलायला. ऐक, रीत गेली उडत. शववाहिकेमागे पहिली तू. तुझ्यामागे आम्ही."

रेलीनने गॅस बंद केला. "जा आता," एवढंच म्हणाली.

फेरीच्या दिवशी ऊन असं होतं की डांबर बुटांना चिकटत होतं. रेलीन कावासाकीवर बसली होती, जॅकेटची चेन गळ्यापर्यंत लावून. पुढे काळी शववाहिका, मागे बारा बिल्लेवाले, त्यांच्यामागे आजूबाजूच्या गावांतून आलेले, मग मोटारी. पोरं पहिल्या मोटारीत होती. गावातली माणसं फुटपाथवर टोप्या काढून उभी होती, आणि ग्लेनिस रुमाल डोळ्यांना लावून म्हणत होती, "बघा कशी नवऱ्याला पोचवायला निघाली! असं प्रेम हवं बाई!" ते रेलीनने ऐकलं. इतकी वर्षं जी जागा मागितली ती मिळाली होती, आणि गिळवत नव्हती.

गावाबाहेरच्या चौकात दफनभूमीचा रस्ता डावीकडे जातो. शववाहिकेने डावीकडचा दिवा लावला आणि हळूच वळली. रेलीनने काचेतून आतल्या पेटीकडे पाहिलं. वरती डेनचं हेल्मेट ठेवलं होतं, नीट पुसून. कोणी पुसलं? तिनेच पुसलं होतं, आदल्या दिवशी, रागारागाने, पण पुसलं होतं. ते चकचकीत हेल्मेट बघून तिच्या डोक्यात जे भडकलं ते मनगटात उतरलं. ती वळली नाही. सरळ निघाली, पोर्ट ब्रॉटनच्या रस्त्याने.

रस्ता मोकळा, दोन्हीकडे कापलेल्या गव्हाची धसकटं. हेल्मेटच्या आत ती ओरडत होती, शब्द असे नव्हतेच. जरा वेळाने आरशात पाहिलं आणि दचकलीच. मागे दिवे होते. दोन-दोन, दोन-दोन, पार धुळीपर्यंत, आणि शेवटी मोटारीही. तिने वेग वाढवला, त्यांनीही वाढवला. तिने कमी केला, तेही मंदावले. तिला वाटलं पकडायला आलेत, पण कोणी पुढे येईना. लूज स्पोक्समध्ये बाकी नियम लोक सवडीने पाळतात, एक सोडून. पुढच्याला ओलांडायचं नाही. पुढचा नेईल तिकडे जायचं.

रस्त्याकडेच्या एका मोठ्या कोठाराच्या सावलीत तिने गाडी थांबवली. सगळे थांबले. मर्व हेल्मेट ओढून काढत धावत आला, घामाने निथळत. "अगं बाई, डेन एकटा आहे तिकडे! पाद्री ताटकळतोय उन्हात! कुठे चाललीस?"

"कुठेही. तू कशाला आलास?"

"कशाला म्हणजे? तू पुढे होतीस!"

मागे बाकीचे गडी माना खाली घालून उभे होते. रेलीनने एकेकाकडे पाहिलं.

"हो का? आज पुढे होते म्हणून माझ्यामागे आलात. मेलेल्या दोस्ताला टाकून आलात. आणि चार वर्षं तो माझ्याशी खोटं बोलत होता तेव्हा? तेव्हा कोणी आलं नाही माझ्यामागे. एवढे बाप्ये, आणि 'रेलीन, तू भलत्याच माणसावर चिडतेस' एवढं एक वाक्य कोणाच्या तोंडातून निघालं नाही!"

"सांगायला हवं होतं," क्लेम म्हणाला. म्हाताऱ्याचे डोळे भरले होते. "माझं चुकलं, पोरी."

"तुमचं चुकलंच."

मर्वने बूट डांबरावर घासला. मग त्याला वाटलं आता बरं काहीतरी बोलावं. "सोमवारी बैठक आहे," तो म्हणाला. "पुन्हा मत घेऊ. आता कोणी नाही म्हणणार नाही, शब्द देतो."

"नाही म्हणणारा मेला म्हणून?"

मर्व हेल्मेटचा पट्टा उलगडू लागला.

"मला ते कापड हवं होतं होय?" रेलीनचा आवाज फाटला. "किती शिवलेत मी, एखादा स्वतःसाठी नसता ठेवून घेतला? मला त्याचा हात वर झालेला हवा होता. तुमच्या बारा जणांचं मला काय करायचंय? त्याचा एक हवा होता. तो आता कोण देणार मला? तू देणार?"

एका गाडीचं इंजिन तापून टिकटिक करत होतं. रेलीनने हातमोज्याने नाक पुसलं आणि हेल्मेट चढवलं. "चला. पुरायला तर हवाच. आणि तिथे मला कोणी मिठी मारायला यायचं नाही, आधीच सांगते."

ती वळली. सगळे तसेच, दोन-दोनने, तिच्यामागून आले.

दफनभूमीत शववाहिकेचा ड्रायव्हर झाडाखाली सिगारेट ओढत होता आणि पाद्र्याची कॉलर घामाने भिजली होती. मुलीने मोटारीतून उतरत विचारलं, "आई, काय झालं?" रेलीन म्हणाली, "तुझ्या बापाला विचार." प्रार्थना झाली, पेटी खाली उतरली. पहिली माती बायकोने टाकायची. तिने मूठ भरली, कडेला आली आणि नुसती उभी राहिली, मूठ इतकी आवळून की बोटांतून माती गळू लागली.

"खोटारड्या," ती म्हणाली, आणि माती टाकली.

पाद्र्याने ऐकलं. त्याने पान उलटलं आणि पुढची प्रार्थना सुरू केली.