आप्पांच्या मनगटावरचा भविष्यकाळ

मनुष्याला आपलं आयुष्य कोणत्याही क्षणी बदलता येतं. मी माझं बदललं तेव्हा सकाळचे साडेअकरा वाजले होते आणि सभागृहातले समोसे संपले होते.

सभागृह आमच्याच ऑफिसचं. मी झाशीला रेल्वेत हेडक्लार्क आहे. दिल्लीहून आलेले एक व्याख्याते ‘उद्याचा माणूस’ या विषयावर आम्हाला दोन तासांत घडवून जाणार होते. असल्या व्याख्यानांची मी आयुष्यभर टवाळी केली आहे. (मागे ‘तणावमुक्त कार्यालय’ या व्याख्यानाला न येणाऱ्यांकडून चोवीस तासांत लेखी खुलासा मागवला होता!) त्यामुळे मी मागच्या रांगेत पुस्तक उघडून बसलो. पण चष्मा घरी राहिला होता. नाइलाजानं ऐकलं, आणि तिथेच घात झाला.

“आने वाला कल आपके दरवाज़े पर नहीं, आपकी कलाई पर दस्तक देगा!” असं गरजून व्याख्यात्यांनी मनगट उंच केलं. त्यावर एक घड्याळ होतं. ते पावलं मोजायचं, झोप मोजायचं, हृदयाचे ठोके मोजायचं; आणि माणूस पडला, तर आपणहून घरच्यांना फोन करायचं.

हे शेवटचं ऐकून मी ताठ बसलो. कारण त्या आठवड्यात आमच्या घरी पडण्यावरूनच रणकंदन चाललं होतं.

माझे वडील, आप्पा, रेल्वेतले निवृत्त गार्ड. वय ब्याऐंशी. सकाळी सहाला ओरछा गेटजवळच्या आमच्या घरातून निघायचं, लक्ष्मी तालाच्या, म्हणजे तळ्याच्या, काठानं महालक्ष्मीच्या देवळात जायचं आणि आठच्या ठोक्याला परत, हा त्यांचा निवृत्तीपासूनचा क्रम. ही गाडी कधी रद्द झाली नव्हती. त्या सोमवारी मात्र ते गल्लीच्या तोंडाशी अडखळले आणि गुडघा खरचटला. माझा धाकटा भाऊ विनय, ज्याचं मानिक चौकात भांड्यांचं दुकान आहे, तो दुकान टाकून आला आणि त्यानं फर्मान काढलं.

“बस! आता आप्पांचं एकटं जाणं बंद.”

“पाय कोणाचे?” आप्पांनी विचारलं.

“तुमचे.”

“मग बंद करणारा तू कोण?”

“तुम्हाला उचलून आणणारा!”

यावर आप्पांनी वाद घातला नाही. त्यांनी त्याहून वाईट केलं. दुसऱ्या दिवसापासून ते सहा वाजता टोपी घालून, कॅनव्हासचे बूट चढवून खिडकीशी बसायला लागले. आठ वाजता बूट काढायचे. मधले दोन तास कोणाकडे बघायचेही नाहीत. तिसऱ्या दिवशी माझ्या बायकोनं, सुनंदानं, मला स्वयंपाकघरात बोलावून सांगितलं, “अहो, काहीतरी करा. माझ्यानं ते बूट बघवत नाहीत.”

तर ते काहीतरी मला सभागृहात सापडलं. शनिवारी मी दोन घड्याळं घेऊन घरी आलो. (एकावर एक मोफत होतं. भविष्यकाळ जोडीनं येतो.) एक आप्पांना, एक मला. आप्पांनी ते मनगटावर फिरवून पाहिलं, गार्डाच्या सवयीनं वेळ बरोबर आहे का ते तपासलं आणि आम्हा दोघा भावांना समोर उभं केलं.

“ठीक आहे. हे घड्याळ म्हणालं की मी पडलो, तर दुसऱ्या दिवसापासून माझं जाणं बंद. शब्द देतो. पण ते म्हणत नाही, तोवर तुम्ही दोघं गप्प. मंजूर?”

“मंजूर,” विनय म्हणाला. त्याला वाटत होतं, फार दिवस लागणार नाहीत.

माझ्यातला उद्याचा माणूस आता पुरता जागा झाला होता. मी पहाटे पाचला उठून दीर्घ श्वास घ्यायला लागलो. व्याख्यात्यांच्या सांगण्यावरून कृतज्ञतेची वही घातली. पहिल्या दिवशी तीत ‘चहा’ एवढंच लिहिलं. सुनंदानं ते वाचलं. दुसऱ्या दिवशी चहा मिळाला नाही.

आमची मुलगी मुक्ता कॉम्प्युटरचं शिकते. मराठी तिला सगळं कळतं, पण उत्तर हिंदीतच येतं. ती म्हणाली, “बाबा, पहले मैन्युअल तो पढ़ लीजिए.”

“मुक्ता, तुझा बाप सत्तावीस वर्षं नियमावल्या लिहितोय. वाचणं हे लोकांचं काम.”

आणि खरोखरच मी नियमावली लिहायला बसलो. रेल्वेत अपघात झाला तर कोणी काय करायचं हे आधी ठरलेलं असतं. घरात का नसावं? ‘श्री. आप्पा यांचे पतन झाल्यास करावयाची कार्यवाही’ असा एक पानी आदेश मी तयार केला आणि फ्रिजवर चिकटवला. विनयनं ॲम्ब्युलन्स आणायची. सुनंदानं औषधांची फाइल आणि थर्मास घ्यायचा. मुक्तानं हॉस्पिटलला कळवायचं. मी घटनास्थळी नियंत्रण ठेवायचं. आदेश वाचल्याची सगळ्यांकडून सही घेतली.

सुनंदानं सही करता करता विचारलं, “आणि आप्पांनी काय करायचं?”

“आप्पांनी पडायचं.”

घड्याळात सिमकार्ड होतं, त्यामुळे आप्पांना आपला फोन बरोबर बाळगायला नको. आपत्कालीन संपर्कात मी घरच्या सगळ्यांचे नंबर टाकले. तरी एक जागा उरली. रिकामी जागा मला सरकारी नोकरीमुळे बघवत नाही. तिथे मी आमच्या झाशीतल्या मराठी मंडळाच्या सेक्रेटरी असलेल्या काकूंचा नंबर टाकला, म्हणजे एका फोनमध्ये सगळ्यांना कळेल. मग घड्याळानं विचारलं, संवेदनशीलता किती ठेवायची? कमी, मध्यम की अति? जन्मदात्याच्या बाबतीत कमी संवेदनशील कोण राहील? मी ‘अति’वर बोट ठेवलं.

सोमवार ते गुरुवार आप्पा गेले आणि आले. घड्याळ गप्प. मी ऑफिसात दिसेल त्याला मनगट दाखवून भविष्यकाळ समजावून सांगत होतो. लोक मला पाहून जिना बदलायला लागले.

शुक्रवारी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी घरातले सगळे फोन एकदम किंचाळले.

‘आप्पा जोरात पडले आहेत. प्रतिसाद नाही.’ खाली नकाशा. नकाशावर महालक्ष्मीचं देऊळ.

सांगायला अत्यंत वाईट वाटतं, पण माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच माझा आदेश तंतोतंत पाळला गेला. मुक्तानं हॉस्पिटलला कळवलं. सुनंदानं फाइल आणि थर्मास उचलला. विनयनं कुठून, कशी कोण जाणे, बारा मिनिटांत ॲम्ब्युलन्स आणली. काकूंनी मंडळाला कळवलं, आणि झाशीतली मराठी माणसं, जी गणपतीच्या वर्गणीला तीन-तीनदा बोलावून येत नाहीत, ती स्कूटरी काढून निघाली. मी लेंगा-बनियनवर मुक्ताच्या स्कूटरवर मागे बसलो. सगळ्या रस्ताभर मला तो खिडकीशी बसलेला माणूस दिसत होता. त्याला बाहेर मी काढलं होतं. घड्याळ बांधून.

देवळात शिरलो. गाभाऱ्यासमोर आप्पा पालथे पडले होते. सरळ, हात पुढे, चेहरा फरशीला टेकलेला. मनगटावरचं घड्याळ लाल लाल होऊन थरथरत होतं आणि बाईच्या आवाजात विचारत होतं, “क्या आप ठीक हैं? क्या आप ठीक हैं?”

“आप्पा!” मी ओरडलो.

पुजाऱ्यांनी मला दंडाला धरून थांबवलं. “काय भैया, हल्ला-गुल्ला काए कर रए? दद्दा तो हर सुक्कर ऐसेई लेटत हैं. अबै आधो पाठ बाकी है.”

मी वाकून पाहिलं. आप्पांचे ओठ हलत होते. दर शुक्रवारी ते देवीला दंडवत घालायचे, तोही तरुणपणी तालमीत शिकलेला, तोडलेल्या झाडासारखा एकदम खाली आणि शेवटच्या क्षणी तळव्यांवर! मग तसेच पडून एक अख्खं स्तोत्र म्हणायचे. ऐकण्याचं मशीन घंटेचा त्रास नको म्हणून खिशात. घड्याळाला बिचाऱ्याला काय ठाऊक? त्याला ब्याऐंशी वर्षांचा माणूस धाडकन पालथा झालेला आणि उत्तर देत नसलेला दिसला. त्याच्या जागी मी असतो तरी फोन केला असता.

आप्पांनी पाठ पूर्ण केला. दोन्ही तळवे टेकून एका झटक्यात उठले. मागे वळून त्यांनी पाहिलं, तर स्ट्रेचर, दोन कर्मचारी, थर्मास, पंचवीस-तीस मराठी माणसं आणि बनियनमधला मी. सेक्रेटरी काकूंनी खबरदारी म्हणून गंगाजळाची बाटलीही आणली होती.

आप्पांनी सावकाश मशीन कानात घातलं आणि दबक्या आवाजात विचारलं, “कोण गेलं रे?”

काकूंनी बाटली पदराआड घेतली.

सगळं कळल्यावर आप्पा माझ्याकडे वळले. “बावीस वर्षं घालतोय हा दंडवत.”

“मला माहीत नव्हतं, आप्पा.”

“कसं माहीत असणार? एकदा तरी आलास का बरोबर?”

हे कलम नियमावलीत नव्हतं.

तेवढ्यात विनय पुढे झाला. घाबरून त्याचा चेहरा पांढरा पडला होता आणि म्हणून आवाज जास्तच चढला होता. “ते काही नाही! घड्याळ म्हणालं, पडले. ठरलं होतं ना? आज दंडवत निघाला, उद्या खरंच पडले तर? शर्त म्हणजे शर्त!”

आप्पांनी घड्याळाकडे पाहिलं. बोगद्याच्या तोंडाशी गाडी थांबावी तसे ते थांबले. मग त्यांनी घड्याळ काढून माझ्या हातावर ठेवलं.

“बरोबर आहे विनयचं. शब्द दिला होता. उद्यापासून नाही.” आणि चपला शोधायला लागले. बूट घालून आले होते तरी.

हे मात्र मला सहन होईना. मी निर्धार केला. (निर्धार करण्याची सवय त्या आठवड्यात लागलीच होती.) बाहेर तालाच्या पायऱ्यांवर मी विनयला गाठलं आणि सगळ्यांसमोर बोलायला लागलो.

“विनय, यंत्राला पडणं कळत नाही! त्याला फक्त हालचाल कळते! पडणं म्हणजे काय, हे माणसाला कळतं. आणि माणसाच्या प्रगतीचा अर्थ—”

“दादा, मागे बघ.”

“मध्ये बोलू नकोस! प्रगतीचा अर्थ असा, की माणसानं प्रत्येक पाऊल—”

“बाबा, पीछे!” मुक्ता ओरडली.

मी प्रत्येक पाऊल मागे टाकत बोलत होतो. चौथं पाऊल शेवाळावर पडलं. पुढच्या तीन पायऱ्या मी बसून उतरलो आणि लक्ष्मी तालात, जलपर्णीच्या बरोबर मध्ये, कमरेइतक्या पाण्यात जाऊन पडलो. मंडळींतून एक हुंकार आला. त्यात सहानुभूती किती आणि समाधान किती, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

मला बाहेर कोणी काढलं? आप्पांनी. पायरीवर पाय रोवून, हात देऊन, एका दमात. विनय अजून बुटांच्या नाड्या सोडत होता.

घोटा टम्म फुगला होता. ॲम्ब्युलन्सच्या कर्मचाऱ्यांनी मला लगेच स्ट्रेचरवर घेतलं. रिकामं परत जावं लागणार नाही, याचा त्यांना मनापासून आनंद झाला. आप्पा मात्र माझं मनगट धरून उभे होते.

“मुक्ता, हा खराखुरा पडला. याचं घड्याळ काय म्हणतंय बघ.”

मुक्तानं डबडबलेलं घड्याळ पुसलं आणि वाचलं, “दादाजी, लिखा है, तैराकी. एक मिनट. शाबाश, आज का लक्ष्य पूरा.”

आप्पांनी विनयकडे पाहिलं. “देवळात झोपलो तर मी पडलो. आणि हा पायऱ्यांवरून गडगडला, तर पोहला. विनय, या साक्षीदाराच्या भरवशावर मला घरी बसवणार का?”

विनय आधी ओठ दाबून उभा राहिला. मग त्याचे खांदे हलायला लागले. मग तो पायरीवरच बसला आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. “नाही आप्पा. जा तुम्ही. हवे तेवढे दंडवत घाला.” मग डोळे पुसत म्हणाला, “पण पडेल त्याचं एकटं जाणं बंद, हा नियम चांगला आहे. तो वाया जाऊ द्यायचा नाही.”

सुनंदानं थर्मासमधून आप्पांना चहा ओतून दिला आणि म्हणाली, “माझी सही घ्या.”

घोटा बरा व्हायला तीन आठवडे लागले. हल्ली मी रोज सहाला आप्पांबरोबर निघतो, म्हणजे घरच्यांच्या भाषेत आप्पा मला घेऊन जातात. ते पुढे, मी बराच मागे. रस्ता सुंदर आहे. बावीस वर्षं तिथेच होता. आप्पा घड्याळ लावत नाहीत. माझं मात्र विनयनं स्वतःच्या हातानं ‘अति’वर केलं आहे आणि आपत्कालीन संपर्कात एकच नंबर ठेवला आहे, आप्पांचा.

आप्पा फोन घरी ठेवून जातात.